फेलिक्स वांकेल : फिरत्या इंजिनाचा जनक आणि काळवंडलेल्या प्लगचा धडा

मोटारगाडीच्या इतिहासात ज्यांचे नाव एका संपूर्ण इंजिन-प्रकाराला मिळाले, अशी माणसे फार थोडी आहेत. निकोलाउस ओटो आणि रुडॉल्फ डिझेल यांच्यानंतर त्या मालिकेत तिसरे नाव येते ते फेलिक्स वांकेल यांचे. ओटो आणि डिझेल यांची इंजिने जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. वांकेल यांच्या इंजिनाला ते भाग्य लाभले नाही. मात्र पिस्टनची वर-खाली होणारी हालचाल वगळून थेट गोल फिरणारे इंजिन रस्त्यावर धावू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या आणि दृष्टी अत्यंत अधू असल्याने आयुष्यभर वाहन चालवण्याचा परवानाही न घेतलेल्या माणसाने हे घडवले. या इंजिनाने एका जर्मन कंपनीला प्रथम कीर्तीच्या शिखरावर नेले आणि नंतर तिच्या अस्ताला हातभार लावला, तर एका जपानी कंपनीला जागतिक ओळख मिळवून दिली. आणि जगभरातील मेकॅनिक मंडळींना एका लहानशा वस्तूकडे, म्हणजे स्पार्क प्लगकडे, नव्या नजरेने पाहण्यास भाग पाडले.

जंगलाच्या कुशीतील बालपण

फेलिक्स वांकेल यांचा जन्म 13 ऑगस्ट 1902 रोजी जर्मनीच्या बाडेन प्रांतात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसलेल्या लार या गावी झाला. वडील रुडॉल्फ वनखात्यात अधिकारी होते. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले आणि आई गेर्टी एकुलत्या एका मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. युद्धानंतरच्या चलनवाढीत कुटुंबाची होती-नव्हती ती पुंजीही आटली. 1921 मध्ये फेलिक्स यांनी विद्यापीठ प्रवेशाची अंतिम परीक्षा न देताच शाळा सोडली आणि हायडेलबर्गमधील एका शास्त्रीय ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेत ते उमेदवारी करू लागले. दिवसा पुस्तकांचा व्यवहार आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा ध्यास, असा त्यांचा दिनक्रम होता.

वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना एक स्वप्न पडले होते, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. स्वतः बनवलेल्या मोटारीत बसून ते संगीत मैफलीला निघाले आहेत आणि त्या मोटारीत अर्धे टर्बाइन व अर्धे पिस्टन इंजिन अशा नव्या प्रकारचे यंत्र आहे, असे ते स्वप्न होते. स्वप्नाचे तपशील काहीही असोत, कल्पना त्यांच्या मनातून गेली नाही. 1924 मध्ये त्यांनी मित्रांच्या साथीने हायडेलबर्गमध्ये एक छोटी कार्यशाळा उघडली आणि 1929 मध्ये फिरत्या इंजिनासंबंधीचे पहिले पेटंट मिळवले.

ज्या प्रश्नाने त्यांना पछाडले तो वरकरणी साधा होता. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक फेरीत वस्तुमानाला गती द्यायची आणि लगेच ती मारायची, यात कंप निर्माण होतो आणि यंत्राची गुंतागुंत वाढते. सरळ गोल फिरणारा भागच वायू आत घेईल, दाबेल, जाळेल आणि बाहेर टाकेल, तर झडपा नकोत, कनेक्टिंग रॉड नकोत आणि धक्केही नकोत. अशा इंजिनाची कल्पना त्यांच्या आधीही अनेकांनी केली होती. सर्वांची गाडी एकाच ठिकाणी अडली होती. फिरता भाग आणि बाहेरचे कवच यांच्यामधील फटीतून दाबलेला वायू निसटत असे. पिस्टनला गोल रिंग घालता येते. कोपरे असलेल्या फिरत्या भागाला वायू न गळू देणारी किनार कशी लावायची, हे कोणालाही सुटलेले कोडे नव्हते. वांकेल यांनी पुढील अनेक वर्षे इंजिनापेक्षा या किनारीचाच, म्हणजे सीलचाच अभ्यास केला.

काळ्या पर्वाची नोंद

वांकेल यांच्या आयुष्यातील एक पर्व असे आहे, की ते वगळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. 1922 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. बाडेन प्रांतात पक्षाच्या युवक संघटनेचे काम त्यांनी केले आणि तरुणांना निमलष्करी शिस्तीचे धडे दिले. पुढे पक्षाचे बाडेनमधील प्रमुख रॉबर्ट वाग्नर यांच्याशी त्यांचे वितुष्ट आले. वांकेल यांनी वाग्नर यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले. 1933 मध्ये पक्ष सत्तेवर येताच वाग्नर यांनी त्यांना जन्मगावच्याच, लारच्या तुरुंगात टाकले. हिटलरचे आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर यांच्या मध्यस्थीने काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली.

हा संघर्ष विचारांचा नव्हता, पक्षांतर्गत होता. सुटकेनंतर केप्लर यांचाच हात धरून ते पुढे गेले. काही काळ त्यांनी बीएमडब्ल्यूसाठी काम केले आणि 1936 मध्ये जर्मन हवाई मंत्रालयाने त्यांच्यासाठी बोडनसे सरोवराच्या काठी, लिंडाऊ येथे सुसज्ज कार्यशाळा उभारून दिली. विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा आणि त्यांची सील, हा तेथील कामाचा विषय होता. 1940 मध्ये ते एसएस या कुख्यात संघटनेत अधिकारी म्हणून दाखल झाले. 1942 मध्ये त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याने लिंडाऊ ताब्यात घेतले, कार्यशाळा मोडून काढली आणि वांकेल यांना अटक केली. सुटकेनंतरही काही वर्षे त्यांच्यावर संशोधनबंदी होती.

ज्या सील-विद्येच्या बळावर त्यांचे इंजिन पुढे चालले, तिचा मोठा भाग युद्धाच्या तयारीसाठी मिळालेल्या पैशातून उभा राहिला होता, ही बाब त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात बराच काळ दुर्लक्षित राहिली. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र ती नोंद ठळकपणे पुढे आणली.

एनएसयूच्या दारात

1951 मध्ये पिस्टन रिंग बनवणाऱ्या ग्योत्से या कंपनीच्या साहाय्याने वांकेल यांनी लिंडाऊमधील आपल्या घरातच पुन्हा काम सुरू केले. त्याच सुमारास नेकार्सउल्म येथील एनएसयू या मोटारसायकल उत्पादक कंपनीशी त्यांचे संबंध जुळले. 1954 मध्ये त्यांना हवी ती भौमितिक रचना सापडली. किंचित फुगीर बाजू असलेला त्रिकोणी रोटर आणि कमरेशी दबलेल्या आठच्या आकड्यासारखी पोकळी, ही ती रचना होय. रोटरची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली राहतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरत असताना ते आळीपाळीने लहान-मोठे होतात. वायू आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे त्यातूनच पार पडतात.

1 फेब्रुवारी 1957 रोजी डीकेएम 54 या नावाचे पहिले इंजिन एनएसयूच्या चाचणी-मंचावर चालले. त्यात आतील रोटरबरोबर बाहेरचे कवचही फिरत असे. त्यामुळे ते अतिशय समतोल चालत असे आणि फार वेगाने फिरू शकत असे. परंतु त्यात एक व्यावहारिक अडचण होती. स्पार्क प्लग आतल्या फिरत्या भागात बसवलेले होते. प्लग बदलायचा तर इंजिन खोलावे लागे. शास्त्रीयदृष्ट्या देखणे असलेले यंत्र गॅरेजमधील मेकॅनिकच्या दृष्टीने निरुपयोगी ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण होते.

एनएसयूचे अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी या रचनेचे रूप पालटले. कवच स्थिर ठेवून फक्त रोटर फिरवायचा आणि तोही मधल्या शाफ्टच्या विकेंद्री भागावर, अशी केकेएम नावाची रचना त्यांनी वांकेल यांना न कळवता सिद्ध केली. प्लग बाहेरून काढता येऊ लागला आणि इंजिन कारखान्यात बनवण्याजोगे झाले. वांकेल यांना हा बदल मुळीच रुचला नाही. आपल्या तेज घोड्याला नांगराला जुंपले, अशीच त्यांची भावना होती. तरीही आज ज्याला जग वांकेल इंजिन म्हणून ओळखते, ते हेच केकेएम इंजिन होय. जानेवारी 1960 मध्ये म्युनिक येथे अभियंत्यांच्या परिषदेत ते जाहीरपणे मांडण्यात आले आणि जगातील कंपन्यांची परवान्यासाठी रीघ लागली. अमेरिकेच्या कर्टिस-राइटने तर 1958 मध्येच परवाना घेतला होता. पुढे डायम्लर-बेंझ, रोल्स-रॉइस, सिट्रोएन, सुझुकी आणि जनरल मोटर्स यांसारखी मोठी नावे या यादीत आली.

रो 80 : गौरव आणि घसरण

1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एनएसयूने स्पायडर ही एका रोटरची छोटी उघडी मोटार मांडली. वांकेल इंजिनाची विक्रीसाठी बनवलेली ती जगातील पहिली मोटार होती. 1967 मध्ये रो 80 ही मोठी गाडी आली. दोन रोटर, 115 अश्वशक्ती, पुढच्या चाकांना शक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि वाऱ्याला सहज कापणारा निमुळता बांधा अशी तिची वैशिष्ट्ये होती. ती आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होती. युरोपातील मोटार-पत्रकारांनी तिला 1968 ची सर्वोत्तम मोटार ठरवले. कपाळावर टिळा लागला आणि त्याच वेळी गॅरेजसमोर रांगही लागली.

काही गाड्यांचे इंजिन 50,000 किलोमीटरच्या आतच उघडावे लागले, काहींचे तर 25,000 किलोमीटरही धड पुरे होण्याआधी. तक्रारी जवळपास सारख्या असत. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, सिग्नलपाशी उभी असताना थरथरते, मंद वेगात मिसिंग करते, धूर सोडते आणि पिकअप घेत नाही. प्लग काढून पाहावा तर तो काळाकुट्ट आणि ओला निघे. मेकॅनिकने नवा प्लग घालावा, चार दिवस गाडी बरी चालावी आणि पुन्हा तेच.

या तक्रारींचे मूळ इंजिनाच्या रचनेतच होते. नेहमीच्या चार-स्ट्रोक इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा प्लगची ठिणगी पडते. वांकेल इंजिनात प्रत्येक रोटरमागे ती शाफ्टच्या प्रत्येक फेरीला पडते. शिवाय वायू आत येतो तो कवचाच्या एका बाजूला आणि जळतो तो कायम दुसऱ्या बाजूला. त्यामुळे ज्या जागी प्लग बसवलेला असतो, तेथे ताज्या, थंड मिश्रणाची झुळूक कधी पोहोचत नाही. ही जागा सतत तापलेली राहते. भरवेगात प्लग वितळू नये म्हणून उष्णता झपाट्याने बाहेर टाकणारा, म्हणजे थंड जातीचा प्लग वापरावा लागतो. पण असा प्लग शहरातील संथ वाहतुकीत पुरेसा तापत नाही. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या वर गेले, तरच त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली ती साचत राहते, ठिणगीला पळवाट मिळते आणि प्लग शॉर्ट होतो.

दुसरे कारण तेलाचे होते. रोटरच्या टोकांवरील सील कवचाच्या भिंतीवर अखंड घासत असतात. त्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे इंजिन ऑईल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडले जाते. हे तेल जळते आणि त्याची राख व काजळी प्लगवर चढते. म्हणूनच वांकेल इंजिनात तेल कमी होणे हा बिघाड नसून ती त्याची गरज असते. ही गोष्ट माहीत नसलेला मालक तेलाची पातळी पाहण्यास विसरतो आणि सील कोरडे पडून झिजते.

तिसरे कारण मंद वेगातील ज्वलनाचे होते. एनएसयूच्या इंजिनात वायू आत घेण्याचे द्वार कवचाच्या परिघावर होते. भरवेगात त्याने उत्तम श्वास घेतला जाई. मात्र मंद वेगात जळलेला धूर नव्या मिश्रणात मिसळत असे आणि एखादी ठिणगी वाया जाई. पाय उचलल्यावर गाडी हलके झटके देई. रो 80 मधील टॉर्क कन्व्हर्टरमुळे हे झटके बरेचसे झाकले जात, पण कारण तसेच राहत असे.

या सर्वांवर कळस चढवला तो सीलच्या घडणीने. रो 80 च्या सुरुवातीच्या इंजिनांत टोकाचे सील तीन तुकड्यांचे आणि एकाच धातूचे होते. थंड इंजिन सुरू करताना मधला तुकडा इतर दोघांपेक्षा अधिक झिजे. तो झिजला की बाजूचे तुकडे हलू लागत आणि दाबलेला वायू निसटू लागे. पुढे मधल्या तुकड्यासाठी फेरोटिक हे अधिक कठीण द्रव्य वापरण्यात आले आणि हा दोष दूर झाला. तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

प्लग काय सांगतो

रो 80 च्या दुर्दैवात विक्रेते आणि मेकॅनिक यांच्या अपुऱ्या माहितीचाही वाटा होता. इंजिन थरथरते म्हणजे ते गेलेच, असे मानणे सोपे होते. वास्तविक वांकेल इंजिनाची तपासणी ही पायरीपायरीने करायची गोष्ट आहे, हे अनुभवातून हळूहळू स्पष्ट होत गेले.

पहिली पायरी प्लगची. प्लग कोरडा आणि काजळीने माखलेला असेल, तर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे किंवा गाडी फार थोड्या अंतरासाठी वापरली जात आहे, असे समजावे. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी क्षीण आहे किंवा दाब कमी आहे. तो तेलकट असेल, तर ऑईलचा पुरवठा प्रमाणाबाहेर आहे किंवा तेल अडवणारे सील गेले आहेत. ज्या इंजिनांत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, तेथे खालचा प्लग मुख्य काम करतो. तो मिस झाला तर इंजिन उभ्या जागी थरथरते. वरचा मिस झाला तर फरक पटकन जाणवत नाही, फक्त शक्ती घटते आणि पेट्रोल जास्त लागते. दोन्हींच्या वायरींची अदलाबदल झाली, तरी इंजिन बिघडल्यासारखे वागते.

दुसरी पायरी विजेची. वायर, कॉइल आणि ठिणगीची वेळ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरी पायरी कार्ब्युरेटर आणि हवेच्या फिल्टरची. या सर्व गोष्टी ठीक असतील, तरच चौथी पायरी येते ती दाबमापनाची. येथे साधा दाबमापक फसवतो. एका रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन कप्पे असतात आणि साधा मापक त्यांतील सर्वांत जास्त दाबच दाखवून थांबतो. म्हणून मापकाची झडप मोकळी ठेवून काट्याच्या उड्या पाहाव्या लागतात. तिन्ही उड्या सारख्या असतील तर इंजिन निरोगी आहे. एक उडी जोरदार आणि दोन दुबळ्या असतील तर एका टोकाचे सील गेले आहे, कारण एक टोक दोन कप्प्यांच्या मध्ये असते. एकच उडी दुबळी असेल तर दोष बहुधा बाजूच्या सीलमध्ये असतो. इंजिन उघडण्याचा निर्णय या पायरीनंतरच घ्यायचा असतो.

आणखी एक सवय मालकांना मोडावी लागली. थंड गाडी सुरू करून दोन हात पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची, ही ती सवय. असे केल्यास न जळलेले पेट्रोल भिंतीवरील तेल धुऊन काढते, दाब नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी इंजिन सुरूच होत नाही. गॅरेजच्या भाषेत याला ओव्हरफ्लो म्हणतात. अशा वेळी पेट्रोल बंद करून, प्लग काढून इंजिन नुसते फिरवायचे, प्लगच्या छिद्रातून थोडे ऑईल सोडायचे, प्लग कोरडे करून बसवायचे आणि मग सुरू करायचे. सुरुवातीला भरपूर धूर येतो आणि नंतर इंजिन सावरते. गाडी नीट तापू देणे आणि तापल्यानंतर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तिला वेगाने पळू देणे, हाच काजळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

हे ज्ञान सर्वत्र पोहोचेपर्यंत एनएसयूची तिजोरी रिकामी होत आली होती. कंपनीने हमीच्या मुदतीत इंजिने विनामूल्य बदलून दिली. सचोटीचे हे धोरण तिला झेपले नाही. 1969 मध्ये फोक्सवॅगनने एनएसयूला आपल्या ऑटो युनियनमध्ये विलीन करून घेतले. रो 80 ची निर्मिती 1977 पर्यंत चालली आणि एकूण 37,000 हून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यानंतर मोटारीवरील एनएसयू हे नाव इतिहासजमा झाले.

हिरोशिमात मिळालेले उत्तर

वांकेल यांच्या कल्पनेला खरा आधार मिळाला तो हिरोशिमा शहरात. तेथील तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझ्दा कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी 1961 मध्ये एनएसयूशी करार प्रत्यक्षात आणला. जर्मनीहून आलेले इंजिन चालवून पाहिल्यावर जपानी अभियंत्यांच्या हाती तीन दुखणी आली. मंद वेगात ते थरथरत होते, तेल जाळून पांढरा धूर सोडत होते आणि कवचाच्या आतील भिंतीवर सीलच्या थरथरण्याने लाटांसारखे ओरखडे उमटत होते. या ओरखड्यांना तेथे सैतानाच्या नखांच्या खुणा असे नाव पडले.

1963 मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली 47 अभियंत्यांचा विभाग स्थापन झाला. जपानी परंपरेतील 47 निष्ठावंत सामुराईंची आठवण करून देणारी ही संख्या होती. त्यांनी एकेक दुखणे वेगळे करून पाहिले. थरथर कमी करण्यासाठी वायूचे प्रवेशद्वार परिघावरून बाजूच्या भिंतीत हलवले, एकाऐवजी दोन रोटर घेतले आणि प्रत्येक रोटरला दोन प्लग दिले. धुरासाठी तेल अडवणारे नवे सील बनवले. ओरखड्यांसाठी सीलचे आकार आणि द्रव्य बदलत ते अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणापर्यंत पोहोचले. 30 मे 1967 रोजी दोन रोटरची, 110 अश्वशक्तीची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढच्याच वर्षी नुर्बुर्गरिंगवरील 84 तासांच्या शर्यतीत तिने चौथा क्रमांक मिळवला.

1973 च्या तेलसंकटाने मात्र सगळेच हिशेब उलटे केले. वांकेल इंजिनाचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असतो. त्यामुळे ज्योत भिंतीपाशी विझते आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. रो 80 ला 100 किलोमीटरमागे 13 ते 16 लिटर पेट्रोल लागे. ज्या जनरल मोटर्सने 1970 मध्ये परवान्यासाठी 5 कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले होते, तिने 1974 मध्ये प्रकल्प गुंडाळला. सिट्रोएनची वांकेल इंजिनाची मोटार आणि सुझुकीची मोटारसायकलही फार काळ टिकली नाही. माझ्दा मात्र टिकून राहिली. 1978 मध्ये तिने आरएक्स-7 आणली आणि 1991 मध्ये चार रोटरच्या 787बी गाडीने ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. त्या इंजिनात प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग होते.

वैभवाची आणि एकांताची वर्षे

वांकेल यांना स्वतःला या चढउतारांची आर्थिक झळ फारशी बसली नाही. 1971 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी परवान्यांचे हक्क असलेल्या वांकेल कंपनीतील हिस्सा लॉनरो या ब्रिटिश उद्योगसमूहाला 10 कोटी मार्कांना विकला. 1969 मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. शाळेची अंतिम परीक्षाही न दिलेल्या माणसासाठी हा सन्मान विशेष होता. पाठोपाठ पश्चिम जर्मनीचा राष्ट्रीय सन्मान आणि अमेरिकेतील फ्रँकलिन पदकही त्यांना मिळाले.

पत्नी एमा यांच्यासह ते लिंडाऊ येथे राहत. त्यांना अपत्य नव्हते. सरोवराच्या काठावरील संशोधनसंस्थेत ते अखेरपर्यंत नव्या कल्पनांवर काम करत राहिले. लाटांवरून वेगाने सरकणाऱ्या नौकांच्या रचनेत त्यांना विशेष रस होता. प्राण्यांवर होणाऱ्या प्रयोगांना त्यांचा कडवा विरोध होता. 1972 मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीतून प्राणिसंरक्षणविषयक संशोधनासाठी पुरस्कार सुरू केला. असे प्रयोग कमी करणाऱ्या किंवा त्यांना पर्याय देणाऱ्या संशोधकांना तो दिला जाऊ लागला. ज्या माणसाने तरुणपणी द्वेषाच्या राजकारणाची पताका खांद्यावर घेतली, त्यानेच उत्तरायुष्यात मुक्या जिवांची कणव बाळगली. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही आणि तिचे सोयीस्कर स्पष्टीकरणही देता येत नाही.

9 ऑक्टोबर 1988 रोजी हायडेलबर्ग येथे, वयाच्या 86 व्या वर्षी फेलिक्स वांकेल यांचे निधन झाले. त्याच शहरातील डोंगरउतारावरील दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

भारतीय आकाशातील पडसाद

वांकेल यांचे इंजिन भारतीय रस्त्यांवर कधी रुळले नाही, पण भारतीय आकाशात ते पोहोचले. लहान आकार, कमी वजन आणि अल्प कंप हे त्याचे गुण वैमानिकरहित विमानासाठी मोलाचे असतात. बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना आणि बंगळुरूची वैमानिकी विकास आस्थापना यांनी मिळून 55 अश्वशक्तीच्या वर्गातील देशी वांकेल इंजिन विकसित केले. 2009 मध्ये निशांत या वैमानिकरहित विमानाने त्या इंजिनावर कर्नाटकातील कोलारजवळ यशस्वी उड्डाण केले.

मोटारीतही हे इंजिन पूर्णपणे मावळलेले नाही. माझ्दाने 2012 मध्ये आरएक्स-8 ची निर्मिती थांबवली. त्यानंतर 2023 मध्ये एमएक्स-30 या विजेवर चालणाऱ्या गाडीत एका रोटरचे छोटे इंजिन परतले. ते चाके फिरवत नाही, फक्त वीज निर्माण करून बॅटरी भरते. त्यामुळे त्याला संथ वाहतुकीत थांबत-थांबत कुंथावे लागत नाही. ज्या मंद वेगाने रो 80 चे प्लग काळे केले, त्या मंद वेगापासून या इंजिनाची बरीचशी सुटका झाली आहे. पहिल्या पेटंटनंतर नऊ दशके उलटली, तरी रोटरच्या टोकावरील ती अरुंद किनार आणि तिच्याजवळचा तो प्लग यांच्याकडे अभियंत्यांना आजही तितक्याच बारकाईने लक्ष द्यावे लागते.